सात नंबरच्या उंदरिणीचा कागद

उंदरिणींना शिंका आणणं हे आमच्या संस्थेतलं काम होतं. बाहेर कुणाला खरं वाटलं नसतं, म्हणून मी कधी सांगितलं नाही. तसंही मी फार काही सांगत नाही. माझी शाळा चौथीत सुटली आणि बोलणं त्याच्या आधीच सुटलं होतं, असं आमचे हे म्हणतात.

तेव्हा नगर रस्त्याला काचेच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या. बहुतेकींमध्ये कॉम्प्युटर होते. वाघोलीच्या अलीकडे एकीत उंदीर होते आणि तिथे मी पिंजरे साफ करायला होते. येरवड्याहून सहा आसनी टमटम धरायची, तिच्यात आम्ही दहा जण बसायचो. खड्डे जितके होते तितकेच गतिरोधकही होते.

बायकांना खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना लघवी सुटते, त्यावरच्या औषधाचं काम परदेशातल्या एका कंपनीने आमच्या साहेबांना दिलं होतं. औषध आधी प्राण्यावर पाहायचं असतं. म्हणजे आधी गळणारा प्राणी हवा. तो विकत मिळत नाही, तयार करावा लागतो. धडधाकट उंदरिणीला भूल देऊन आत इवलासा फुगा फुगवायचा, बाळाचं डोकं अडकून राहिल्यासारखा. मग काही दिवसांनी नाकात केस फिरवून शिंक आणायची आणि खालचा टिपकागद किती भिजला, त्याचं वजन करायचं. साहेब दोन वर्षं यातच होते.

अडचण एकच होती. उंदरिणी बऱ्या व्हायच्या.

"परत बऱ्या झाल्या," साहेब म्हणायचे, घरात कुणी नापास झाल्यासारखे. "मॅडम, या टिकत का नाहीत?"

मॅडम म्हणजे त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञ बाई. "चांगलं खातात, सर. झोपतात. बाळंतपणानंतर लगेच हंडे उचलत नाहीत."

"विनोद नको, उपाय सांगा."

"विनोद नव्हता, सर."

माझ्या तिसऱ्या बाळंतपणाला अकरा वर्षं झाली होती आणि मी चांगली टिकून होते. पण मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी बादली उचलून बाहेर गेले असते.

मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. अर्धी लाज स्वभावाची आहे, अर्धी आत घ्याव्या लागणाऱ्या फडक्याची. विहारात वंदनेला मी दाराजवळ बसते. लग्नात कुणी हसवायला लागलं की मी ताटं उचलायला जाते. जोरात हसणं तर मी धाकटी झाल्यापासून सोडलंय. उंदरांच्या खोलीत मात्र मला बरं वाटायचं. तिथे सगळ्या पुण्यातला वास एका जागी होता, त्यात माझा कुणाला वेगळा कळला नसता.

शिवाय तिथे टिपकागद होता. कोपरा दुमडलेला कागद परीक्षेला चालत नसे, तो कचऱ्यात जाई. असे कागद मी ठेवून घेऊ लागले. चार घड्या घातल्या की फडक्यापेक्षा दसपट चांगला. परदेशी माल होता. उंदरिणींसाठी निवडून आणलेला.

पण भिजलेला कागद टाकायचा कुठे, हा प्रश्न होता. संस्थेत भुशासाठी वेगळा डबा, सुयांसाठी वेगळा, मेलेल्या उंदरांसाठी झाकणाचा पिवळा. बायकांच्या संडासात डबा नव्हता. मॅडमनी दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा 'आवश्यकता स्पष्ट करावी' असा शेरा येऊन परत आला. तेव्हा मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवायची आणि वाटेत टाकायची.

परीक्षेचे कागदही चार घड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीतच भरायचे असत. वर पिंजऱ्याचा नंबर. ते काम माझंच. त्या दिवशी सात नंबरचा कागद घडी करून पिशवीत घातला आणि साहेबांनी हाक मारली. नंबर लिहायचा राहिला, म्हणून हरवू नये या काळजीने मी तो खिशात ठेवला. परत आल्यावर खिशातून पिशवी काढली, सात लिहिलं, वजनाला दिली. दुसरी पिशवी वाटेत, येरवड्याला उतरल्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा साहेब उभ्या उभ्या चहा पीत होते. ते कधीच उभ्याने चहा पीत नसत.

"सात नंबर कोणत्या गटातली?"

"फुगा न घातलेल्या, सर," मॅडम म्हणाल्या. "धडधाकट."

"आणि गळती बघा. एका शिंकेत."

"सर, एवढं तिच्या मूत्राशयात मावतच नाही. जवळजवळ तिचं स्वतःचं वजन आहे."

"मॅडम, निसर्गात काहीही होऊ शकतं. आपण गळकी उंदरीण बनवत बसलो आणि ती जन्मजातच निघाली. हिची मुलंबाळं झाली तर सगळं जग आपल्याकडून उंदीर मागवेल."

त्यांनी काटा तपासला, पाण्याची बाटली तपासली. परदेशात पत्र गेलं. मग दोन दिवस सातला पुन्हा पुन्हा शिंका आणल्या. कागद कोरडे. शेवटी साहेब म्हणाले, आत काय आहे ते बघितल्याशिवाय कळणार नाही, शुक्रवारी कापा.

खरं तर तिच्या गटातल्या उंदरिणी परीक्षेनंतर वरच्या मजल्यावर पिलांसाठी ठेवायच्या होत्या. सात माझ्या बांगड्या वाजल्या की पुढे येऊन जाळीला नाक लावायची. मी शेकडो मेलेल्या उंदरिणी पिवळ्या डब्यात टाकल्या आहेत, जेवण सोडलं नाही. पण त्या विज्ञानासाठी मेल्या. ही माझ्या खिशामुळे मरणार होती.

सांगितलं तर काय होणार, ते मला दिसत होतं. साहेब मोठ्याने विचारणार, शिपाई ऐकणार, आणि संध्याकाळी टमटममधले बाकीचे नऊही जण माझ्यापासून सरकून बसणार, जागा नसली तरी. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी मी भुसा बदलून वजनाच्या खोलीत गेले. मॅडम वहीत लिहीत होत्या. माझ्या कपड्यांवरचा भुसा उडाला आणि त्यांना शिंक आली.

शिंक यायच्या आधी मॅडम उठून उभ्या राहिल्या, एका हाताने टेबल धरलं आणि एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळला. हे मी आधीही पुष्कळदा पाहिलं होतं. मीही तसंच करते. उंदरिणींना ते जमत नाही, म्हणून तर त्यांचं मोजता येतं.

"मॅडम," मी म्हटलं, "सातचा तो कागद तिचा नव्हता. माझा होता. माझ्या अंगावरचा."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीतल्या आकड्याकडे.

"एवढं?"

"टमटमने आले होते ना."

"कधीपासून?"

"धाकटी झाल्यापासून. अकरा वर्षं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"तुम्ही दाखवलंत?" हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला अजून कळलेलं नाही.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मावशी, दार लावून घ्या."

आत काय बोललो ते मी इथेही लिहिणार नाही. त्यांनी मला बसल्या जागी करायचा एक व्यायाम शिकवला, आतून आवळून धरायचा, दहापर्यंत मोजून सोडायचा. त्या स्वतः कधी करतात का, मी विचारलं. म्हणाल्या, वेळ कुठे मिळतो, सारखं गळतीवर काम चालू असतं. मी हसले, आणि दोघींनीही पाय आवळले.

मग त्या वही घेऊन साहेबांकडे गेल्या. मी दाराबाहेर फरशी पुसत होते.

"सर, सातचा कागद चुकून आला. अभ्यासात नसलेल्या मादीचा आहे."

"कुठली मादी?"

"त्याच इमारतीतली."

माझा हात फरशीवर एकाच जागी फिरत होता.

"ससीण," साहेब म्हणाले. "शेजारच्या खोलीतली. एवढं म्हणजे ससीणच. दार लावत जा म्हणावं." मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम, सशांचा विचार आपण का केला नाही?"

सात वरच्या मजल्यावर गेली. तिला पिलं झाली, सगळी कोरडी. महिन्याभराने बायकांच्या संडासात डबा आला. मॅडमनी तिसऱ्या अर्जात आवश्यकता स्पष्ट केली होती : प्राण्यांच्या अभ्यासात चुका टाळण्यासाठी.

व्यायाम मी टमटममध्ये करते. गतिरोधक मोजायचे आणि चेहरा साधा ठेवायचा. बराच फरक आहे. तेव्हा मीही टिकले नाहीच म्हणायची.

त्या वहीत काही खोडायचं झालं तर गिरगटायचं नाही, असा नियम होता. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. मी पुसायला गेले की कधी कधी ते पान उघडून पाहायची. बायकांच्या त्या दुखण्यावर संस्थेने अशा कितीतरी वह्या भरल्या. त्या सगळ्यांत बाईचा आकडा तेवढा एकच होता, सात नंबरच्या समोर, रेघेखाली, नीट वाचता येईल असा.