ओबी म्हणजे कमरेचा पट्टा

१९९३ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि कॉलेज या शब्दाचा मला तिटकारा होता. तसा मी कॉलेजात गेलेला माणूस आहे, कोणाला खरं वाटत नाही. मॅट्रिक कसंबसं ढकललं, पण उंची दाराच्या चौकटीला लागणारी, म्हणून पुण्यातल्या एका कॉलेजच्या खेळाच्या सरांनी मला बास्केटबॉलसाठी उचलून नेलं. वर्गात बसल्याचं काही मला आठवत नाही. एकदा गुडघा सुजला. सर म्हणाले, "कॉलेजसाठी एवढंही करणार नाहीस?" केलं, तसाच खेळलो. गुडघा कायमचा गेला. पुढच्या टर्मला पटावर नाव नव्हतं. फी माफ होती ती खेळण्यापुरती, हे मला शिपायानं सांगितलं. सर भेटलेसुद्धा नाहीत. मग ओळखीनं जपानात, कोबेला, कापडाच्या व्यापाऱ्याकडे आलो, गोदामात गाठी उचलल्या, इथलीच जपानी बायको केली, तिला मराठी शिकवलं, इथेच म्हातारा झालो. कॉलेजनं मला दिलं काय, तर लंगडणं.

त्या वर्षी पानं लाल व्हायच्या दिवसांत त्याच कॉलेजची टीम इथल्या एका युनिव्हर्सिटीशी मैत्रीची मॅच खेळायला आली. मुंबईहून पोस्टिंगवर आलेला एक बँकेचा साहेब त्याच कॉलेजचा. तो घरी आला. गळ्यात कॉलेजच्या रंगाचा स्कार्फ, हातात माझ्यासाठी दुसरा.

"काका, तुम्ही आमचे सगळ्यात सीनियर. पहिल्या रांगेत बसायचं."

"तुमच्या कॉलेजनं मला काढलं होतं."

"इतक्या वर्षांनी काय ते, काका. शेवटी आपली मातृसंस्था."

"कुठली आई पोराचा पाय मोडून त्याला घराबाहेर काढते?"

त्यानं स्कार्फ चहाच्या कपाशेजारी ठेवला. आतून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ओबी. जायला पाहिजे."

माझा जन्म कापडात गेलेला. ओबी म्हणजे किमोनोवर बांधायचा पट्टा, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, "मी काय पट्टा आहे?"

"ओल्ड बॉय. कॉलेजातून गेलेल्या माणसाला इथे ओबी म्हणतात. ओबीनं खेळणाऱ्या मुलांना खायला न्यायचं असतं, साशिइरे. रिकाम्या हातानं जात नाहीत."

"ज्यांनी हाकललं त्यांना खाऊ?"

"मग पट्टाच बरा. तसेही आवळूनच बसता."

साहेब हसला. मला हसू आलं नाही. तरी मी गेलो, कारण ती तयार होऊन दारात उभी राहिली. पण रिकाम्या हातानं गेलो, आणि स्कार्फ खिशात कोंबला.

आपल्या पोरांनी बास्केट केली की साहेब ताडकन उठायचा. मी बसून. जपानी पोरं छान पास देत होती, त्यांच्यासाठी मी टाळी वाजवली. साहेबाला ते लागलं. "काका, आपली टीम कुठली?" म्हणाला. मी म्हटलं, "ज्यांनी मला काढलं नाही ती."

उत्तरार्धात आपला सगळ्यात उंच पोरगा उडी मारून उतरताना वाकडा पडला. त्याला आमच्या पुढ्यातल्या बाकावर आणून बसवलं. गुडघा बघता बघता फुगला. गळ्यात शिट्टी अडकवलेले सर खाली वाकले. वयानं माझ्या मुलासारखे. म्हणाले, "पट्टी बांध आणि उतर. कॉलेजसाठी एवढंही करणार नाहीस?"

शब्द न् शब्द तेच. शिट्टीबरोबर हे वाक्यही एका सराकडून दुसऱ्याकडे देतात की काय, देव जाणे. पोरगा उठायला लागला. माझं डोकं सटकलं. पाय ओढत खाली गेलो आणि त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"काका, प्रेक्षकांनी वर बसायचं," सर म्हणाले.

"हा उतरला तर मीही उतरतो. मग जपान्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

मागून साहेब आला. "काका, लोक बघतायत. कॉलेजची इज्जत जाते."

"जाऊ दे. माझा गुडघा गेला तेव्हा बघायला कोणी आलं नव्हतं."

मी पँट वर केली आणि गुडघा त्या पोराच्या डोळ्यांसमोर धरला. लाकडाची गाठ असावी तसा आहे तो. पोरानं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मला नाही जमणार." सरांनी दुसऱ्याला उतरवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मॅच गेली. परतीच्या ट्रेनमध्ये साहेब दुसऱ्या डब्यात बसला. बायको म्हणाली, "आपण हरलो."

"आपण कोण? मी हरलेलो नाही."

"रिकाम्या हातानं गेलात," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केलेले भाताचे गोळे फडक्यात बांधून मी टीमच्या हॉटेलवर गेलो. सर झोपले होते, मी त्यांना उठवलं नाही. पोरांना खायला दिलं, त्या उंच पोराला टॅक्सीत घातलं आणि हाडांच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, तुम्ही याचे कोण? काका म्हणावं तर नातं नाही, ओळखीचा म्हणावं तर मला त्याचं नावही धड ठाऊक नाही. तोंडातून निघालं, ओबी. बाई लगेच वाकली आणि आम्हाला आत सोडलं, जणू एवढं पुरे होतं. मला त्याचाही रागच आला.