दोन गिलास पाणी

गुलमंडीजवळच्या ज्या हॉटेलात मी सकाळचा चहा घ्यायचो, तिथं एक गृहस्थ रोज कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. खिशाला दोन-तीन शाईची पेनं आणि बोटावर आदल्या दिवशीच्या शाईचा डाग, एवढी ओळख मला पुरायची. चहाच्या आधी ते दोन गिलास पाणी मागायचे, एक स्वतःला आणि एक पेनाला. रोज शाई बदलायची आणि नवी भरण्याआधी जुनी धुवायची, असा त्यांचा नेम. निब पाण्यात बुडवली की रंगाचा धागा हळूहळू खाली उतरायचा, आणि पोहायला शिकणाऱ्या लेकीकडं बघावं तसे ते बघत राहायचे.

एकदा असंच बघता बघता हात चुकला. पेन स्वच्छ पाण्यात गेलं आणि जांभळं पाणी पोटात.

"चचा, वो पेन का पानी था," मालक गल्ल्यावरून म्हणाला.

सगळं हॉटेल हसलं. मला धास्ती वाटली, की हा माणूस आता लाजून उद्यापासून यायचा नाही. ते उठले, नळावरच्या आरशापुढं गेले, जीभ बाहेर काढली आणि कागद धरावा तशी उजेडाकडं तिरपी केली. बराच वेळ निरखून म्हणाले, "रंग लई झाक हाय. वाळल्यावर जरा फिका पडंल."

दुसऱ्या दिवशी मालकानं पेनासाठी मुद्दाम वेगळा, स्टीलचा गिलास ठेवला. तो त्यांनी स्वतःला घेतला. काचेचा पेनाला दिला, कारण त्यात रंग दिसतो.