मॅडमची आवडती

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात हिंदीच्या मॅडमची आवडती मीच होते. बाबा कागद कारखान्यात, आम्ही मूळचे जळगावकडचे. घरात मराठी आणि वर्गात सगळं हिंदी, त्यामुळे पहिल्या वर्षी माझी जीभच वळत नव्हती. मॅडमनी मला शेजारी बसवून हिंदीत लिहायला शिकवलं.

पुढच्या वर्षी धूलकोटकडच्या आदिवासी वस्तीतली एक मुलगी आली. लहानपणी मोडलेला पाय नीट जुळला नव्हता, कुबडी घेऊन चालायची. महिनाही झाला नसेल, ती गावातच लालबागला मॅडमच्याच घरी राहायला गेली. सकाळी दोघी एकाच रिक्षातून उतरायच्या. तिच्या डब्यात मॅडमच्या हातच्या पोळ्या! मी नुसती जळायची.

शेवटी मॅडमना स्टाफरूमबाहेर गाठलं. "आम्हीपण काही श्रीमंत नाही, मॅडम. तिला आदिवासी मुलींचं हॉस्टेल आहे, अपंगांचंही आहे. मग तुमच्याच घरी कशाला?"

मॅडमच्या आधी मागून तीच बोलली, "मुलींच्या हॉस्टेलात सगळ्या खोल्या वरती. जिना कोण चढणार? अपंगांचं हॉस्टेल लडकों का है. तूच बता, मी कुठे राहू?"

तिचं म्हणणं पटलं. राग मात्र गेला नाही.

तिला मॅडमच्या घरातून हलवायचं तर हॉस्टेलातच जागा व्हायला हवी होती. मॅडम अधीक्षकबाईंकडे खेटे घालतच होत्या, मी वर्गातल्या मुली घेऊन गेले. खालच्या मजल्यावर मोडके पलंग कोंबलेली एक खोली दिसली.

"हे आम्ही उचलतो," मी म्हटलं.

अधीक्षकबाई "वरून परवानगी लागेल" म्हणत राहिल्या. मॅडमनी तिथूनच वर फोन लावला. दिवाळीआधी ती त्या खोलीत राहायला गेली. सगळे म्हणाले, किती मोठ्या मनाची पोरगी!

मग एकदा मॅडमनी विचारलं, "तू घरी अभ्यास कधी करतेस गं?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. आमची एकच खोली, बाबा रात्रपाळी करून दिवसभर झोपलेले. "होतच नाही," मी म्हटलं. त्यांनी विभागातली मागची, कपाटांनी भरलेली खोली मला उघडून दिली. तिथेच बसून मी बी.ए. झाले. पण पहिल्या दिवशी तिथे बसतानाही मनात हेच, तिला घर दिलं आणि मला कपाटांची खोली.

आता ती धूलकोटला शिकवते, मी इथे बुऱ्हाणपुरात. मॅडमचा फोन आला की आधी तिचीच चौकशी. "मजेत आहे," मी सांगते, आणि घाईघाईने माझ्या वर्गातल्या मुलांचं सांगायला लागते.