कुलपातला डावा हात

मानवतच्या पेठेत कुलूप फोडणारे पुष्कळ होते. उघडणारी एकटी बायनाबाई. आश्रुबा लोहाराची विधवा. नवरा होता तोवर तिनं भाता ओढला. तो गेल्यावर दिरांनी ऐरणीला हात लावू दिला नाही, तेव्हा त्याच्या पेटीतल्या चार तारा, एक कानस आणि एक बिघडलेलं कुलूप घेऊन ती गावाच्या कडेला निराळी राहिली. ते कुलूप म्हणे दोन महिने खोलत आणि जोडत बसली होती. शिकवणारं कोणी नव्हतं. असतं तरी बाईला कोण शिकवायला बसलंय!

पेठेतल्या कापडवाल्याची सून भागम्मा, तिनं हे नुसतं ऐकलेलं होतं. गरज पडली ती वैशाखातल्या एका सकाळी, आणि तिच्याच हातानं पडली.

झालं असं. तिची सासू शांतम्मा अंघोळ करून पूजेला बसणार, तोच गळ्यातल्या लिंगाची शिवदोरी तुटली. म्हातारीनं लिंग चांदीच्या पेटीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. नवी दोरी जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या गुरूच्या घरून, शेजारूनच आणायची होती. पण ती गळ्याला मापून घ्यावी लागते, म्हणून दोघी निघाल्या. भागम्मानं सवयीनं दाराचं कुलूप दाबलं. खट्ट! दोरी घेऊन परतल्यावर कळलं, किल्ली आत, खुंटीला. नवरा शिवमूर्ती कापडाच्या खरेदीला हैदराबादेला गेलेला, परवा येणार.

बाहेरच्याला यात फार काही वाटायचं नाही. पण लिंगाची पूजा झाल्याशिवाय शांतम्मा पाण्याचा थेंब घेत नसे. आणि आज लिंगच आत कोंडलेलं. वय सत्तरीच्या पुढचं, ऊन वैशाखाचं.

"पाणी घ्या हो अम्मा, देवाला कळतंय," जंगमाच्या घरची उमादेवी तांब्या पुढं करत म्हणाली.

"त्याला कळतंय. मला कळायला नको?" म्हातारी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसली. बसली म्हणजे बसलीच.

शेजारच्या व्यंकटरावांनी घण आणायची भाषा केली. शांतम्मानं हात आडवा धरला. "आत देव एकटा हाय. त्याच्या दारावर घाव घालायचा न्हाई."

दुपार होत आली तशी तिची जीभ ओठांवरून फिरायची थांबली. भागम्मा उठली. पदर डोक्यावर ओढून ती भर पेठेतून चालत निघाली. दुकानदाराची सून अशी उन्हात एकटी! लोक बघत राहिले. बघेनात का.

बायनाबाई दारात कांदा फोडून भाकर खात होती. ऐकून घेतलं, हात धुतला.

"माझी रीत ठाऊक हाय? किल्लीवाचून उघडलेलं कुलूप परत दाराला लावायचं न्हाई. ते माझं. दुसरं मी काय घेत न्हाई."

"घ्या हो! दोन घ्या, पण चला!" भागम्मा म्हणाली. महायुद्धाचे दिवस होते, पितळी कुलूप पैसे देऊनही मिळत नव्हतं. शिवाय ते कुलूप सासरे सिद्रामप्पांनी हैदराबादेच्या पत्थरगट्टी बाजारातून हौसेनं आणलेलं होतं. हे तिला अर्ध्या वाटेत आठवलं. सासरे तिनं पाहिलेच नव्हते. ते गेल्यावर दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. पण सासू रोज संध्याकाळी पदरानं ते कुलूप पुसायची, हे तर रोज पाहत होती. तोंडातून शब्द गेला होता.

दाराशी शांतम्मानं बायनाबाईला खालवर न्याहाळलं. "देवाच्या दाराला हात लावणार तू?"

"दाराला कशाला, माय? कुलपाला लावते. दार तुमचं तुमी उघडा." मग म्हणाली, "आधी सांगा, आत काय हाय? चोराला ठाऊक नसंल असं."

सगळ्यांची नजर भागम्माकडं. ती पुटपुटली, "उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात गूळ हाय. मी ठेवलाय. खायला."

"म्हणून मुंग्या व्हायलात!" तेवढ्यापुरती तहान विसरून म्हातारी कडाडली.

"घर यांचंच हाय," बायनाबाई म्हणाली आणि खाली बसली.

तिनं कुलूप तळव्यावर घेतलं, तार आत सारली, डोळे मिटले. "आत चार पट्ट्या हायत," ती म्हणाली. एक उठली. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी दाण्याला दाणा लागावा एवढाच आवाज. चौथी हलेना. बायनाबाईनं तार काढली, किल्लीच्या भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. पुन्हा.

"या कुलपात दोन हात हायत," ती डोळे न उघडता म्हणाली. "वरचा नवा, घाईचा. लय आदळआपट करतोय."

भागम्मानं मान खाली घातली.

"त्याच्या खाली जुना हाय. सावकाश माणूस. कुलूप आधी वर उचलायचा, मग किल्ली फिरवायचा. आणि डावरा होता."

शांतम्माच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. म्हातारीचा चेहरा पाहून भागम्माला कळलं, हे खरं आहे. सात वर्षं या घरात काढली, सासरा डावखुरा होता हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. या बाईनं तर माणूसही पाहिलेला नव्हता. पितळेच्या एवढ्याशा कडेवरून तिनं त्याला उठवून दाराशी आणून उभं केलं होतं.

बायनाबाईनं तार डाव्या हातात घेतली. कुलूप किंचित वर उचललं. कुणाचा तरी हात हातात घ्यावा तसं. चौथी पट्टी उठली. कुलूप उघडलं.

शांतम्मा आत गेली. दोरी ओवली, लिंग तळहातावर घेऊन पूजा केली. एक मंत्र गाळला नाही. बायनाबाई पायरीवर थांबली होती. "पाणी घशाखाली गेलेलं बघून जाते," म्हणाली.

पूजा उरकून म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याली. मग तिची नजर बायनाबाईच्या मांडीवरच्या कुलपावर गेली.

"आत्याबाई," भागम्मा रडकुंडीला येऊन म्हणाली, "मीच कबूल केलंय. तुम्हांला न विचारता."

शांतम्मानं कुलूप उचललं. पदरानं पुसलं, रोजच्यासारखं. "आमी नुसतं पुसत होतो," ती म्हणाली. "हिला त्यात ते दिसले." तिनं ते बायनाबाईच्या ओंजळीत ठेवलं आणि तांब्यात उरलेलं पाणी तिच्यापुढं केलं.

बायनाबाई पाणी प्याली आणि उठली. भागम्मा दारात उभी राहून बघत होती. पेठेच्या वळणापर्यंत ते कुलूप बायनाबाईनं डाव्या हातात धरलेलं होतं.