कोकरू कुणाखाली पितं?

माझा निरोप घरातून झालाच नाही. आटपाडीकडचं आमचं घर तेव्हा कुलपात होतं आणि घरची सगळी माणसं मेंढरांसोबत कडेगावाजवळ, ऊस तुटलेल्या एका रानात उतरली होती. मिरजेहून रेल्वे पकडायची आणि मुंबईहून पुढं नोकरीसाठी हॉलंड, म्हणून मी बॅग घेऊन त्या रानातूनच निघाले. रडारडीला कुणाला सवड नव्हती. आई एका मेंढीचं डोकं गुडघ्यांत दाबून बसली होती. त्या मेंढीचं कोकरू मेलेलं, आणि दुसऱ्या एका कोकराची आई मेलेली. ते कोकरू हिच्याखाली प्यायला लावायचं चाललं होतं. मेंढी पाय झाडत होती. "जा बाय तू. आता हिला सोडली तर पुन्यांदा धरू द्यायची न्हाई," आई म्हणाली. मी तिच्या पाठीला हात लावला आणि रस्त्याला लागले.

गावाकडं राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं इथं थोर डोकी एकत्र बसून काहीतरी अचाट शोधत असतात. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. आमच्या लॅबमध्ये 'टीम चांगली कशी चालते' याची वर्कशॉपं होतात. रंगीत चिठ्ठ्यांवर 'विश्वास', 'मोकळेपणा' असं लिहायचं, काचेवर चिकटवायचं आणि वर केक खायचा. चार वर्षं मी तो केक मुकाट खाल्ला.

आमचं काम मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर. जंतांना पुरून उरायची ताकद आईकडून कोकरात किती उतरते, ते बघायचं. रक्ताचे नमुने आपल्याच भागातून यायचे. ते गोळा करायला मिरजेचा इम्तियाज होता. मोटरसायकलवर रानोरान फिरायचा आणि मेंढरांमागच्या बायकांना विचारायचा, हे कोकरू कुणाखाली पितं? फॉर्मवर तसंच छापलेलं होतं. बायका मेंढी दाखवायच्या आणि इकडं तिची नोंद 'आई' म्हणून व्हायची.

चूक त्याच्या लवकर लक्षात आली. एका ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यानं अडखळत्या इंग्रजीत सांगितलं, की पाजणारी मेंढी त्या कोकराची आई असेलच असं नाही, बायकाच सांगतात, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा. आमचे प्रमुख गोड हसले. चांगला मुद्दा आहे, पुढच्या वेळी घेऊ, म्हणाले. पुढची वेळ आलीच नाही. आणि मी? मी त्या मीटिंगमध्ये होते. माझ्या नोकरीच्या पुढच्या करारावर सही व्हायची होती. मी गप्प बसले.

वर्षभरानं जनुकांची तपासणी झाली आणि आई-कोकरांच्या जोड्या जुळेनात. मग अहवालाच्या मसुद्यात एक ओळ आली: स्थानिक मेंढपाळांनी दिलेली माहिती विश्वासार्ह नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुम्ही विचारलंत कुणाखाली पितं, त्यांनी दाखवलं कुणाखाली पितं. खोटं कोण बोललं? इम्तियाजचा फोन आला. "ताई, आता त्या मावश्यांम्होरं कुठल्या तोंडानं जाऊ मी?" त्याचं पुढचं काम काढून घ्यायचंही घाटत होतं.

आमच्या मेंढरांच्या तळावर संध्याकाळी भाकरीआधी माझे आजोबा, आप्पा, प्रत्येकाला विचारायचे, "आज काय दिसलं?" चुलती नवीन लग्न होऊन आलेली, तिलाही. एकदा तिनं भीत भीत सांगितलं, की दोन मेंढ्या पाण्याजवळ जाऊन न पिताच माघारी फिरतात. दुसऱ्या दिवशी अख्खा कळप दुसऱ्या पाण्यावर नेला. तिला कुणी चांगला मुद्दा आहे म्हणालं नाही आणि केकही कापला नाही.

पुढच्या मीटिंगला मी बोलले. इथं आवाज चढवलेला खपत नाही, मी चढवला. ही ओळ राहिली तर माझं नाव काढा, म्हणाले. प्रश्न आपण चुकीचा विचारला, इम्तियाजनं वेळेवर सांगितलं आणि आपण ऐकलं नाही, असं लिहा, म्हणाले. बरीच तोंडं वाकडी झाली. पण ओळ निघाली, चूक आमची म्हणून छापली गेली आणि इम्तियाजचं काम राहिलं.

अहवाल छापून आला त्याच दिवशी मी आईला फोन केला. मोठी मर्दुमकी गाजवल्यासारखं सगळं सांगितलं. मागं मेंढरं ओरडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यो इम्त्याज पयल्यांदा बोलला, तवा तू हुतीस का तितं?"

"होते."

"आन् आमी कोकरं लावतो, ह्ये तुला ठावं हुतं."

"होतं."

"मग?"

मी कराराचं सांगितलं, नवीन होते म्हणाले, तिथली रीत वेगळी असते म्हणाले. ती ऐकत होती आणि तरीही उत्तरासाठी थांबूनच होती. इथं इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. उलट धाडसी म्हणून मेल आले. आता घर म्हणजे मला ना आटपाडीचं कुलूप आठवतं, ना ते रान. घर म्हणजे फोनच्या पलीकडं थांबलेली आई. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.