सल्ला पचवणारी मुलगी

पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा तिथे काम करणारी मी एकटीच बाई होते. आमचं घर तारापूरच्या पुढे, किनाऱ्यावर. वडील होडीवर जायचे, आई मासळी विकायची. कारखान्यात पाय रोवायला मला बरीच वर्षं लागली, पण ती हकिकत वेगळी. इथे सांगायचंय ते त्यानंतरचं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना कॉलेजात बोलावलं आणि एक काम आमच्या गळ्यात घातलं.

सर म्हणाले, "तुम्ही सगळे नोकरीधंद्याला लागलात, छान झालं. आता प्रत्येकाने शेवटच्या वर्षातल्या एकेका विद्यार्थ्याकडे बघा. पैसे देऊ नका, वशिला लावू नका. महिन्यातले एकदोन रविवार द्या, एवढंच."

ऐकायला सोपं होतं. पहिल्या वर्षी माझ्याकडे जो मुलगा आला तो मी काहीही सांगितलं की "हो ताई" म्हणायचा. अमुक पुस्तक वाच, हो ताई. तमुक माणसाला भेट, हो ताई. पुढच्या खेपेला विचारावं तर पुस्तक उघडलेलंसुद्धा नसायचं. दुसऱ्या वर्षीचा हुशार होता, पण त्याला हवी होती आमच्या साहेबांच्या नावे शिफारशीची चिठ्ठी. ती मिळणार नाही हे कळल्यावर त्याचं येणंच बंद झालं. मी सरांना सांगून टाकलं, "यंदा मला यातून वगळा."

सर म्हणाले, "एक मुलगी आहे, मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिला एकदा भेट. नाही पटलं तर सोडून दे."

ती पालघरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. घरची डोंगरउतारावरची थोडी जमीन, तीही पावसावर. दिवाळी झाली की आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. रविवारी सकाळी ती बोईसरच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आली. चप्पल दाराबाहेर काढून उंबऱ्याशीच उभी राहिली. आत बोलावलं, पाणी दिलं आणि मी मुद्दामच जरा तुटकपणे विचारलं, "माझ्याकडून काय हवंय तुला? नोकरी?"

ती खाली बघतच, पण स्पष्ट म्हणाली, "नोकरी नको, ताई. मला बोलता येत नाही. प्रॅक्टिकल चांगलं येतं. तोंडी परीक्षेला तोंडच उघडत नाही. मागच्या वर्षी सगळं येत असून मार्क गेले. मुलाखतीलाही असंच होईल. ते कसं घालवायचं, तेवढं सांगा."

आपलं नेमकं कुठे अडतंय हे इतक्या थोडक्यात सांगणारं माणूस मला कारखान्यातही क्वचित भेटलं होतं. मी तिला काम दिलं. टायट्रेशन, म्हणजे रंग पालटेपर्यंत थेंबाथेंबाने द्रावण टाकून केलेली मोजणी, कशी करतात ते वसतिगृहातल्या एखाद्या मुलीला मोठ्याने समजावून सांगायचं, रोज.

पुढच्या रविवारी ती हजर. बसल्या बसल्या म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसं केलं. नाही जमलं."

"का?"

"ती मैत्रीण कॉमर्सची. तिला काही कळत नव्हतं, म्हणून ती हसायची. ती हसली की माझं थांबायचं. मग मी बुधवारपासून भिंतीशी बोलायला लागले. भिंतीशी जमतं. माणसाशी नाही."

मला हसू आलं, पण मनातून मी सावरून बसले. ही मुलगी सांगितलेलं करून बघते, फसलं तर फसलं म्हणून सांगते, आणि कुठे फसलं तेही सांगते. मग शिकवणाऱ्यालाही पुढचं दिसतं. तोवर मी अंधारात दगड मारत होते.

असे चारपाच रविवार गेले. मग मी तिला माझ्या मते शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, "तू बी.एड. कर. आश्रमशाळेत शिक्षिका हो. तुझ्या भागात गरज आहे, नोकरी पक्की, घराजवळ. या कारखान्यांत बाईला घ्यायला अजून नाकं मुरडतात. मी भोगलंय."

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी ती आलीच नाही. मला वाटलं, संपलं, हीसुद्धा गेली. पण त्याच्या पुढच्या रविवारी आली. मधल्या दिवसांत ती बसने मनोरला, तिथून चालत एका आश्रमशाळेत जाऊन आली होती. तिथल्या दोन बाईंशी बोलली होती, एका बाईंच्या वर्गात मागे बसली होती.

"ताई, काम चांगलं आहे. पण माझं नाही," ती म्हणाली. "तिथे दिवसभर बोलायचंच असतं. आणि मला मुलांना गप्प करता येणार नाही. मला काचेच्या भांड्यात रंग पालटतो ना, ते बघत बसायला आवडतं. त्यातलं काम मिळेपर्यंत मी थांबेन. तुम्हाला राग आला का?"

थोडा आलाच होता. आपण दिलेला सल्ला कुणी परत आणून दिला की मान राखला गेला नाही असं वाटतं. पण तिने तो न बघता परत केला नव्हता. स्वतः जाऊन, तपासून, मग नको म्हटलं होतं. मी म्हटलं, "राग जाऊ दे. चहा पी. आणि बोलायला शीक, नाहीतर थांबूनही काही मिळायचं नाही."

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी तिला एकदा आमच्या गावी घेऊन गेले. अंगणात आई सुके बोंबील आणि करदी, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, टोपल्यांत भरत होती. पावसाळ्याआधी डोंगराकडची माणसं सुकी मासळी भरून ठेवतात, म्हणून त्या दिवसांत आई मनोरच्या आठवडे बाजाराला जायची. मुलीने हे ऐकलं आणि जेवताना अचानक आईला विचारलं, "मावशी, मी बसू तुमच्याजवळ बाजारात?"

आई म्हणाली, "बस की. पन वास येल हां कपड्यांना. मंग कालेजात नाकं धरतील तुझ्यासमोर."

"धरू देत," ती म्हणाली.

हे मी सुचवलेलं नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नसतं. बाजाराच्या दिवशी मीही रजा टाकून गेले, कारण मला बघायचं होतं. सुरुवातीला ती टोपलीमागे अंग चोरून बसली. तिच्या पाड्याकडची दोन माणसं समोरून येताना दिसली तशी तिने मान आणखी खाली घातली. आई आपल्या गिऱ्हाइकांत गुंतलेली. मग एक म्हातारी आली, करदी हातात घेऊन वास घेतला आणि तिच्या बोलीत काहीतरी टोमणा मारला. मुलीने मान वर केली आणि त्याच बोलीत उलट उत्तर दिलं. काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण म्हातारी खो खो हसली आणि समोर फतकल मारून बसली. मग काय, घासाघीस, थट्टा, घरच्या चौकशा. बघता बघता टोपलीभोवती बायकांचा घोळका झाला. ती एकीला उत्तर देत होती, दुसरीला माप घालत होती आणि तिसरीला थांब म्हणत होती.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "कोन बोललं हिला बोलता येत नाय? ही तर माझी गिऱ्हाइकं पळवतेय!"

परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. बस बेटेगावच्या जवळ आली तेव्हा म्हणाली, "ताई, मी मुकी नाहीच. मी फक्त एका भाषेत मुकी आहे. आता मी असं करते. टायट्रेशन आधी आमच्या बोलीत सांगते. ते बसलं की मराठीत. मग इंग्रजीत. एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारत होते, म्हणून पडत होते."

मी तिला बाजार दाखवला नव्हता, ही रीतही शिकवली नव्हती. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच की ती जे शोधत होती ते ऐकायला मी होते.

तिची परीक्षा झाली, निकाल चांगला लागला. तोंडी परीक्षेत ती अडखळली, पण थांबली नाही. पावसाळ्यात वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेसाठी जागा निघाली. अर्ज तिने स्वतः केला. मुलाखतीहून ती थेट माझ्याकडे आली, चिखलाने पाय भरलेले.

"कशी झाली?"

"बोलले. आधी मराठीत, मग त्यांनी सांगितलं म्हणून इंग्रजीत. एक सोडून सगळं आलं." प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी तिला विचारलं होतं, पाण्याचा जडपणा तपासताना त्या पाण्यात लोह असेल तर काय होईल? "मी म्हटलं, माहीत नाही सर, शोधून सांगते. ते हसले. म्हणाले, बरं बरं."

मला उत्तर येत होतं. तोंडाशी आलंही होतं. तिने हात वर केला. "सांगू नका, ताई. मी सांगते म्हटलंय ना."

ती पालघरला गेली, सरांची परवानगी काढून कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसली. गंजलेले खिळे पाण्यात भिजवून ते पाणी घेतलं आणि तपासणी करून पाहिली. आणि दुसऱ्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वॉचमन उत्तरेकडचा. तो म्हणाला, "इंटरव्यू तो हो गया, बेटी. अब काहे को आयी?"

"साहब ने एक सवाल पूछा था. जवाब देना बाकी है."

त्याने तिला आत सोडलं नाही. पावसात छत्री धरून ती जनरल शिफ्ट सुटेपर्यंत थांबली. साहेबांची गाडी बाहेर आली तशी पुढे झाली. काच खाली गेली. तिने तिथेच, रस्त्यावर सांगितलं, "सर, लोह इंडिकेटरला धरून ठेवतं. त्यामुळे शेवटी निळा रंग यायला हवा तो नीट येतच नाही, जांभळटच घोटाळत राहतो. मी करून बघितलं." साहेबांना आधी ती कोण हेच आठवेना. आठवलं तेव्हा म्हणाले, "जागा तर भरली गं." ती म्हणाली, "ठीक आहे, सर. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

हे मला तिच्याकडून कळलं. मला वाईट वाटलं. तिला विचारलं, "मग रिकाम्या हाताने परत आलीस, आता काय?"

"आता दुसरीकडे अर्ज करायचा," ती म्हणाली. "या वेळी विचारतील ते सगळं आलंच पाहिजे. आणखी काय काय विचारतात?"

मग आम्ही बसलो. मी साहेब व्हायचे, ती उमेदवार. मी कडक व्हायचे, मध्येच तोडायचे, खोटं खोटं घड्याळ बघायचे. तीही खमकी. नाही येत ते नाही येत म्हणायची, आणि पुढच्या खेपेला ते घेऊन यायची. त्या पावसाळ्यात दोन कारखान्यांनी तिला नाही म्हटलं. एकाने तर तोंडावर सांगितलं, बाई नको. ती माझ्याकडे येऊन रडली नाही असं नाही. रडली, तोंड धुतलं, आणि म्हणाली, "चला, पुढचा प्रश्न."

दिवाळीनंतर त्या औषधांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. त्या जागेवर घेतलेला मुलगा सोडून गेला होता आणि साहेबांनी म्हणे विचारलं, ती पावसातली मुलगी कुठे आहे? तिचे आईबाप तेव्हा भट्टीवर होते. पेढे घेऊन ती आधी तिकडे गेली, मग वसतिगृहात, मग आमच्या आईकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्याकडे आली ती पेढ्यासोबत प्रश्न घेऊन. "पहिल्या महिन्यात काय शिकून घेऊ?"

त्या वर्षीच्या मेळाव्यात सरांनी मला माजी विद्यार्थ्यांपुढे दोन शब्द बोलायला सांगितलं. चांगला शिष्य कुठला? मी म्हटलं, नम्र असतो तो नव्हे, हुशार असतो तोही नव्हे. ज्याला दिलेलं काम त्याच्या हातात गेल्यावर बदलून परत येतं, तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र नुसते मान हलवत होते. त्यांना बहुधा हे आधीच ठाऊक होतं.

नोकरीला वर्ष व्हायच्या आत एका संध्याकाळी ती शिफ्टच्या बसमधून उतरून माझ्या खोलीवर आली. चेहरा ताणलेला. तिच्या सुपरवायझरने तिला एक नमुना पास दाखवायला सांगितलं होतं, जो नापास होता. माल पाठवायची घाई होती.

मी सवयीने सल्ला द्यायला तोंड उघडलं. "हे बघ, आधी तू शांतपणे..."

"ताई," ती म्हणाली, "मी नाही म्हणून आले. साहेबांना जाऊन सांगितलं, पुन्हा तपासणी लावली, पुन्हा नापास आला. माल थांबवलाय. सुपरवायझर आता माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हाला विचारायला नाही आले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून आले."

मी उठले, स्टोव्ह पेटवला आणि दोघींपुरता भात टाकला.