शीतलने हलका केलेला क्वार्क

"मॅडम, बसलं एकदाचं," म्हणत शीतल उघडा लॅपटॉप घेऊनच माझ्या केबिनमध्ये आली. स्क्रीनवरचा आकडा बघून मला आधी आनंद झाला आणि लगेच संशय आला. माझं मॉडेल इतकं गुणी कधीच नव्हतं.

शीतल माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, चंद्रपूरची. शुक्रवारी माझ्या निवृत्तीचा सेमिनार होता आणि त्यात हाच आकडा दाखवायचा होता.

थोडं समजावते. नेहमीचे कण दोन किंवा तीन क्वार्कचे असतात. अलीकडे चार क्वार्कचेही सापडलेत. ते चौघं आत कसे राहतात, यावर आम्हा लोकांची भांडणं आहेत. माझं मॉडेल म्हणतं, एका गाठोड्यात, घट्ट. शेजारच्या केबिनमधले कुलकर्णी म्हणतात, छे, दोन-दोनच्या जोड्या, पुण्यातल्या शेजाऱ्यांसारख्या नमस्कारापुरत्या जवळ.

कसोटी सोपी आहे. गाठोड्याचं वस्तुमान दोन सुट्या जोड्यांच्या, प्रयोगात मोजलेल्या वस्तुमानापेक्षा कमी भरलं तर कण टिकतो, जास्त भरलं तर फुटतो. प्रयोगात सापडलेला कण, ज्यात चार्म नावाचे दोन जड क्वार्क आहेत, जेमतेम टिकतो. माझ्या जुन्या, ढोबळ गणितात तो फुटायचा. शीतलनं तेच गणित बारकाईनं केलं होतं आणि आता तो टिकत होता.

"चार्म क्वार्कचं वस्तुमान किती घेतलंस?"

"नेहमीचंच, मॅडम. म्हणजे... जवळपास."

आमच्यात एक शिस्त आहे. क्वार्कचं वस्तुमान आधी साध्या, दोन क्वार्कच्या कणांवरून ठरवायचं. मग त्याला हात लावायचा नाही.

"याच आकड्यानं साधा कण काढ बघू."

तिनं प्रोग्रॅम चालवला. सगळ्या जगाला ठाऊक असलेला कण चांगलाच हलका निघाला.

"अगं, हा तर रोडावला."

शीतल मान खाली घालून बसली. "खऱ्या आकड्यानं फुटत होता, मॅडम. शुक्रवारी कुलकर्णी सरांसमोर तुमचं मॉडेल पडलेलं मला बघवलं नसतं."

खरं सांगते, मला भरून आलं. पोटच्या मुलानं माझ्यासाठी एवढी लबाडी केली नसती. मग मी तिला यथास्थित झापलं.

"मी काय, सोमवारपासून घरीच बसणार आहे. हे पकडलं गेलं असतं तर तुझ्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवला असता का?"

शुक्रवारी खरा आकडा दाखवायला तिलाच उभं केलं. कण सर्वांदेखत फुटला. कुलकर्णींनी अपेक्षेप्रमाणे हात वर केला.

"म्हणजे तुमच्या मॅडमचं मॉडेल चुकीचं आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.

"या कणापुरतं, हो सर," ती म्हणाली. पुढचं गणित तिनं न अडखळता मांडलं. चहाच्या वेळी कुलकर्णी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरगी चांगली तयार केलीत." इतक्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

पेपर छापून आला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं, आणि निष्कर्ष असा की माझं मॉडेल चालत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्यावर माया जरूर करावी. आपल्या मॉडेलवर करू नये.